गुऱ्हाळ, गोठा आणि आयकर: जोडधंदा सुरू करणाऱ्या शेतकऱ्यासाठी

दिवाळी झाली की आमच्या कोल्हापूर भागात गुऱ्हाळं पेटतात, आणि मार्च सरला की तीच माणसं प्लॅस्टिकच्या पिशवीत पावत्या कोंबून माझ्या टेबलासमोर येऊन बसतात. मी शेतकऱ्यांचे हिशेब लिहितो. नव्यानं धंद्यात उतरलेला कुणीही आला, तरी पहिला प्रश्न ठरलेला असतो: "साहेब, शेतीला टॅक्स नाही ना? मग रिटर्न कशाला?" दुसरा प्रश्न हल्ली वाढलाय: "नवीन कायद्यात घसारा बंद झाला म्हणे?"

घसारा, म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी दरवर्षी नफ्यातून मिळणारी वजावट, बंद झालेला नाही. शेतीचं उत्पन्नही करमुक्तच आहे. पण या दोन वाक्यांच्या मध्ये जी जागा आहे, तिथेच पैसे जातात. कायद्यातल्या वजावटी धंद्याला असतात. शेतीच्या उत्पन्नावर करच नाही, त्यामुळे तिथं वजावट मिळाली काय आणि गेली काय, थेट फरक पडत नाही. फरक पडतो तो गुऱ्हाळ, गोठा, कोंबड्यांची शेड, भाड्याचा ट्रॅक्टर यांना. म्हणून सरकारनं एखादी सवलत बदलली असं ऐकलं, की आधी पाहायचं, आपलं कोणतं उत्पन्न त्या बदलाच्या तावडीत येतं.

पहिली पायरी: बांध कुठे आहे ते ठरवा

जमीन कसून आलेलं पीक विकलं, तर ते शेतीचं उत्पन्न. पीक बाजारात नेण्याजोगं करायला शेतकरी नेहमी जे करतो, म्हणजे मळणी, उफणणी, तंबाखू वाळवणं, तेही शेतीतच धरतात. रोपवाटिकेतली रोपं विकून आलेला पैसा २००८ च्या वित्त कायद्यानं शेतीचं उत्पन्न ठरवला. हा बदल रोपवाटिकावाल्यांच्या फार फायद्याचा ठरला, तरी आजही काही जण तो पैसा धंद्यात दाखवून कर भरताना मी पाहतो.

दूध, कोंबड्या, शेळ्या हे मात्र शेतीत येत नाही. चारा घरच्या शेतातला असला तरी दुधाचं बिल हे धंद्याचंच उत्पन्न. दुसऱ्याच्या रानात आपला ट्रॅक्टर घालून मिळालेलं भाडंही धंद्यातच. कागदावर उभी रेघ मारा, डावीकडे शेत, उजवीकडे धंदा, आणि वर्षभराची प्रत्येक जमा कुठल्या बाजूला जाते ते लिहा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांचा गोंधळ एवढ्यानंच सुटतो.

दुसरी पायरी: एकच माल दोन्ही बाजूंना असेल तर

गुळाचं प्रकरण इथं येतं, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. ऊस आपल्याच शेतातला, गुऱ्हाळही आपलंच. मग गूळ शेतीचा की धंद्याचा? उसाला उसाच्या रूपात बाजार आहे, कारखाना तो तसाच घेतो. त्यामुळे गूळ करणं म्हणजे पीक बाजारात नेण्याजोगं करणं, असं म्हणता येत नाही. म्हणून उत्पन्नाचे दोन भाग करायचे. आयकराच्या जुन्या नियमावलीतला नियम ७ यासाठीच आहे.

समजा तुम्ही घरचा २०० टन ऊस गाळला. त्या वर्षीचा सरासरी बाजारभाव ३,००० रुपये टन धरला, तर उसाची किंमत ६,००,००० रुपये. त्यातून २२,००० किलो गूळ निघाला आणि सरासरी ४५ रुपयांनी गेला, तर अडत्याच्या पट्ट्यांची, म्हणजे विक्रीच्या पावत्यांची, बेरीज ९,९०,००० रुपये. गुळव्याचा पगार, जळण घालणाऱ्याची मजुरी, भेंडी, चुना, वीज, रव्यांची (गुळाच्या ढेपांची) बांधणी आणि वाहतूक मिळून १,८०,००० रुपये खर्च.

धंद्याचं उत्पन्न काढताना गुळाच्या विक्रीतून दोन गोष्टी वजा जातात, उसाची बाजारभावानं किंमत आणि गुऱ्हाळाचा खर्च. ९,९०,००० मधून ६,००,००० आणि १,८०,००० गेले, उरले २,१०,०००. हा धंद्याचा नफा, घसारा अजून वजा करायचाय. उसाचे ६,००,००० हे शेतीचं उत्पन्न, त्यातून लावण, खत, पाणीपट्टी, भांगलण, तोड असा मशागतीचा खर्च वजा करायचा.

इथं एक चूक सर्रास होते. खताची बिलं गुऱ्हाळाच्या खर्चात घातली जातात. तसं करता येत नाही, कारण उसाची पूर्ण किंमत आपण आधीच वजा केली. शेतकरी म्हणून केलेला खर्च पुन्हा धंद्यातून वजा केला, तर तो दोनदा धरल्यासारखं होतं. शेताच्या पावत्या एका पाकिटात आणि गुऱ्हाळाच्या दुसऱ्या पाकिटात ठेवा, बाकी काही नाही जमलं तरी.

गूळ नाव आणि वजन छापलेल्या पिशवीत भरून विकणार असाल, तर १८ जुलै २०२२ पासून त्यावर ५ टक्के जीएसटी आहे. सुट्या रव्यावर तो नाही.

तिसरी पायरी: यंत्राचा घसारा

यंत्र झिजतं, म्हणून त्याच्या किमतीचा ठरावीक हिस्सा दरवर्षी नफ्यातून वजा करू देतात, तो घसारा. सर्वसाधारण यंत्रांना दर १५ टक्के. पहिल्या वर्षी मूळ किमतीवर, पुढच्या वर्षी उरलेल्या किमतीवर.

पण पहिल्या वर्षी यंत्र १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल, तर निम्माच दर लागतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणजे यंत्र ३ ऑक्टोबरपर्यंत वापरात यायला हवं. आमच्याकडची गुऱ्हाळं दिवाळीच्या पुढेमागे सुरू होतात, त्यामुळे नव्या चरकाला पहिल्या वर्षी बहुतेकदा साडेसात टक्केच मिळतात. घाबरायचं कारण नाही. न मिळालेला हिस्सा बुडत नाही, यंत्राच्या शिल्लक किमतीत राहतो आणि पुढच्या वर्षांत येतो.

अनुदान घेतलं असेल, तर ते किमतीतून आधी वजा होतं. अन्नप्रक्रियेच्या छोट्या उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. ४ लाखांच्या चरक, इंजिन आणि काहिलींवर १,४०,००० रुपये अनुदान आलं, तर घसारा २,६०,००० वरच. निम्म्या दरानं पहिल्या वर्षी १९,५०० रुपये, दुसऱ्या वर्षी उरलेल्या २,४०,५०० वर पूर्ण दरानं ३६,०७५ रुपये. यंत्रावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल, तर तीही रक्कम किमतीतून वगळायची.

ट्रॅक्टर घरच्या शेतातही चालतो आणि भाड्यानंही. मग धंद्याच्या वाट्याला वापराच्या प्रमाणातच घसारा मिळतो. ट्रॅक्टरवर तासांचा मीटर असतोच. एक शंभर पानी वही घ्या, तारीख, कुणाचं रान, सुरू करतानाचा आकडा, बंद करतानाचा आकडा, एवढ्या चार रकान्यांची. आमच्याकडे एका दादांनी ही वही ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवलीय, डिझेलचे डाग पडलेली, पण तिच्यावरून वर्षाचे ९०० तास शेतात आणि भाड्यावर कसे वाटले गेले ते पाच मिनिटांत निघतं. विचारणा झालीच, तर ही वही कुठल्याही अंदाजापेक्षा भक्कम पुरावा आहे.

दर बदलतात, हेही ध्यानात ठेवा. २०१७-१८ पासून घसाऱ्याचा कमाल दर ४० टक्क्यांवर आणला. त्याआधी सौर उपकरणांना ८० टक्के मिळत होता. शीतगृहाच्या किंवा प्रक्रिया युनिटच्या छपरावर पॅनेल टाकणाऱ्यांचं पहिल्या वर्षाचं गणित त्यानं बदललं. जुन्या कोटेशनमधली "पहिल्या वर्षी इतकी बचत" ही ओळ वाचून निर्णय घेऊ नका.

चौथी पायरी: रोखीपासून लांब राहा

माझ्या घरचीच गोष्ट. माझ्या काकांनी बंद पडलेल्या एका गुऱ्हाळाचा चरक आणि इंजिन १,६०,००० रुपयांना घेतलं, सगळे पैसे रोख, एकाच दिवशी, पावती साध्या कागदावर. भाव चांगला मिळाला म्हणून घरात पेढे वाटले. वर्षअखेर हिशेब करताना मला त्यांना सांगावं लागलं, की या यंत्रावर एक रुपयाही घसारा मिळणार नाही. यंत्रासाठी एका दिवशी एका माणसाला १०,००० रुपयांच्या वर रोख दिले, तर ती रक्कम यंत्राच्या किमतीत धरतच नाहीत. हा नियम २०१७-१८ पासूनचा. यंत्र खरं, चालतंय, पण कराच्या कागदावर त्याची किंमत शून्य. बँकेतून दिले असते तर काही प्रश्नच नव्हता. ते मला आजही लागतं, कारण विचारलं असतं तर सांगायला मी घरातच होतो.

रोजच्या खर्चालाही हीच मर्यादा आहे. एका दिवशी एकाच माणसाला १०,००० च्या वर रोख दिलेला धंद्याचा खर्च मान्य होत नाही. पूर्वी ही मर्यादा २०,००० होती. मुकादमाला उचल द्यायची असेल, तर खात्यावर द्या. याला शेतकऱ्याच्या बाजूचा एक महत्त्वाचा अपवाद आहे. शेतमाल पिकवणाऱ्यालाच थेट पैसे दिले असतील, तर रोख दिले म्हणून खर्च नाकारला जात नाही. शेजाऱ्याचा ऊस गाळायला घेतला आणि त्याला रोख दिले, तर चालतं. मधल्या दलालाला दिले, तर चालत नाही. तरीही २ लाख किंवा त्याहून जास्त रोख एका माणसाकडून एका दिवशी किंवा एकाच व्यवहारात घेणं कायद्यानं मना आहे, तेव्हा मोठ्या रकमेला बँकच बरी.

पाचवी पायरी: गोठ्याची वजावट, जी कुणी सांगत नाही

गाय म्हणजे यंत्र नव्हे, तिच्यावर घसारा नाही. पण धंद्यासाठी पाळलेलं जनावर दगावलं किंवा कायमचं निकामी झालं, तर त्याची खरेदी किंमत, त्या जनावरापोटी हाती आलेली रक्कम वजा जाता, त्या वर्षीच्या नफ्यातून वजा करता येते. ९०,००० ला आणलेली गाय गेली आणि काहीच मिळालं नाही, तर पूर्ण ९०,००० वजा. ज्या घरात जनावर गेलंय, तिथं त्या आठवड्यात कागदाचं कुणाला सुचत नाही, हे मला कळतं. तरी दोन गोष्टी करून ठेवा. पशुवैद्यकाचा दाखला घ्या, आणि त्यावर कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी क्रमांक लिहून घ्या. खरेदीची पावती त्याच फाइलला लावा. बाजारातून आणताना ती घेतलीच नसेल, तर पुढचं सगळं अवघड होतं.

सहावी पायरी: जुनी करपद्धत की नवी

२०२३-२४ पासून नवी करपद्धत आपोआप लागू होते. नेहमीचा घसारा, धंद्याचे खर्च, जनावराची वजावट हे सगळं तिच्यातही शाबूत आहे. "घसारा बंद झाला" ही अफवा कुठून आली, ते सांगतो. मालाचं उत्पादन करणाऱ्याला नव्या यंत्रावर पहिल्या वर्षी जादा २० टक्के घसारा मिळतो, तो नव्या पद्धतीत नाही. शीतसाखळी आणि शेतमालाच्या गोदामांना भांडवली खर्चाची जी खास वजावट आहे, तीही नव्या पद्धतीत नाही. ती वजावट आधी खर्चाच्या १५० टक्के होती, २०१७-१८ पासून १०० टक्क्यांवर आली. विम्याचा हप्ता, भविष्य निर्वाह निधी वगैरेंच्या वजावटीही नव्या पद्धतीत नाहीत.

मोठं शीतगृह उभारत असाल, तर दोन्ही पद्धतींनी गणित मांडून बघाच. गुऱ्हाळ, गोठा, भाड्याची यंत्रं एवढंच असेल, तर माझ्या अनुभवात नवी पद्धत बहुतेकांना सोपी जाते. जुनी हवी असेल, तर वेगळा फॉर्म मुदतीत भरावा लागतो. आणि धंद्याचं उत्पन्न असणाऱ्याला दरवर्षी इकडून तिकडे उड्या मारता येत नाहीत. एकदा जुनीतून नवीत परत आलात, की धंदा आहे तोवर पुन्हा जुनी मिळत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झालाय. कलमांचे क्रमांक बदललेत, "निर्धारण वर्ष" (कमाईच्या वर्षाच्या पुढचं, कर ठरवण्याचं वर्ष) जाऊन "कर वर्ष" आलंय. जुन्या व्हिडिओत ऐकलेलं कलम नव्या कायद्यात शोधत बसू नका, वजावटीच्या नावानं शोधा.

सातवी पायरी: "१२ लाखांपर्यंत कर नाही" हे शेतकऱ्यानं जपून ऐकावं

या पायरीवर थोडं थांबा.

शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, पण धंद्याच्या उत्पन्नावर कोणता दर लावायचा ते ठरवताना शेतीचं उत्पन्न मोजलं जातं. ही पद्धत के. एन. राज समितीच्या शिफारशीनंतर १९७३ पासून आहे. दोन अटी एकाच वेळी पूर्ण झाल्या, तरच ती लागते: शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० च्या वर, आणि बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर. नव्या पद्धतीत २०२५-२६ साठी ही मर्यादा ४ लाख. वरच्या गुऱ्हाळवाल्याला फक्त २,१०,००० चा नफा असेल, तर त्याचा विषय इथंच संपला, शेतीचं उत्पन्न कितीही असो.

आता दुसरं उदाहरण. मळणी आणि कुट्टीची यंत्रं भाड्यानं चालवणारा एक तरुण, घसाऱ्याआधी नफा १२,९०,०००. शेतीचं निव्वळ उत्पन्न ५ लाख. त्यानं ८ लाखांची नवी यंत्रं जूनमध्ये कामाला लावली. घसारा १,२०,०००, म्हणजे धंद्याचं उत्पन्न ११,७०,०००. १२ लाखांच्या आत आलं, कर शून्य, असं त्याला वाटतं.

गणित असं चालतं. धंदा आणि शेती मिळून १६,७०,००० वर २०२५-२६ च्या दरांनी कर १,३४,०००. शेतीचे ५ लाख आणि करमुक्त ४ लाख मिळून ९ लाखांवर कर ३०,०००. तो वजा जाता १,०४,०००. १२ लाखांच्या आतल्यांना मिळणारी सूट जास्तीत जास्त ६०,०००. उरले ४४,०००, त्यावर ४ टक्के उपकर, एकूण ४५,७६० रुपये. शेती नसती, तर याच माणसाचा कर शून्य होता.

मग घसाऱ्याचा उपयोग काय झाला? तो घेतला नसता, तर उत्पन्न १२ लाखांच्या वर गेलं असतं, आणि काठावरच्यांना मिळणारी सवलत (कर १२ लाखांच्या वरच्या रकमेपेक्षा, इथं ९०,००० पेक्षा, जास्त नाही) धरूनही उपकरासह ९३,६०० भरावे लागले असते. म्हणजे एका वर्षाच्या घसाऱ्यानं ४७,८४० रुपये वाचवले.

यातून एक गोष्ट निघते. शेतीचं उत्पन्न "निव्वळ" मोजायचं असतं. बी, खत, मजुरी, घरच्या शेतात चाललेल्या ट्रॅक्टरचा घसारा, हे सगळं त्यातून वजा होतं. करमुक्तच आहे म्हणून खर्च न लिहिता पट्टीची पूर्ण रक्कम टाकणारे स्वतःचाच कर वाढवतात. सातबाऱ्यावर तीन भावांची नावं असतील, तर प्रत्येकानं आपापल्या वाट्याचंच उत्पन्न दाखवायचं.

आठवी पायरी: अंदाजी नफ्याची वाट

हिशेबाच्या वह्या ठेवणं जमत नसेल, तर छोट्या धंद्यासाठी अंदाजी नफ्याची सोय आहे. जुन्या कायद्यात ४४ एडी, नव्यात कलम ५८. उलाढालीच्या ८ टक्के नफा धरायचा, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के. उलाढाल २ कोटींपर्यंत, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल खात्यावर येणाऱ्याला ६ टक्क्यांचा दर सरळ लागू होतो.

पण ही वाट धरली, की घसारा आणि दगावलेल्या जनावराची वजावट वेगळी मागता येत नाही, ती त्या टक्क्यांत आलीच असं धरतात. एकदा धरून पाच वर्षांच्या आत सोडली, तर सोडल्यानंतरची पाच वर्षं परत येता येत नाही. नवी यंत्रं घेण्याच्या वर्षी म्हणूनच आधी दोन्ही आकडे मांडायचे.

तुम्ही रिटर्न भरत नसलात तरी

काही बदल शेतकऱ्यापर्यंत कारखान्याच्या किंवा कंपनीच्या मार्गानं येतात. सहकारी साखर कारखान्यांनी सभासदांना किमान दरापेक्षा जास्त ऊसदर दिला, की तो जादा पैसा खर्च नसून नफ्याची वाटणी आहे, असं म्हणत आयकर खातं कर मागायचं. वर्षानुवर्षं हा वाद चालला. जो पैसा उसाचं बिल म्हणून आमच्या खात्यावर आला, त्यावर कारखान्याला नोटिसा येत राहिल्या. २०१५ च्या वित्त कायद्यानं, सरकारनं ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंतची रक्कम खर्च म्हणून मान्य झाली, ती २०१६-१७ च्या निर्धारण वर्षापासून. त्याआधीच्या वर्षांचा गुंता २०२३ च्या अर्थसंकल्पानं सोडवला. तेव्हा हा दिलासा सुमारे १०,००० कोटींचा असल्याचं सांगितलं गेलं.

शेतकरी उत्पादक कंपन्यांना २०१८ च्या अर्थसंकल्पानं १०० कोटींच्या आतल्या उलाढालीसाठी पात्र नफ्यावर १०० टक्के वजावट दिली होती, ती २०२४-२५ च्या निर्धारण वर्षापर्यंतची मुदत घालूनच. तुम्ही अशा कंपनीचे भागधारक असाल, तर वार्षिक सभेत करतरतुदीची ओळ वाचा आणि विचारा, की आता कराचा आकडा किती धरलाय आणि त्याचा मालाच्या दरावर काय परिणाम होतो.

रिटर्नला बसण्याआधीची फाइल

शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर असेल, तर साधा आयटीआर १ किंवा ४ चालत नाही. धंदा असेल तर आयटीआर ३. शेतीचं निव्वळ उत्पन्न ५ लाखांच्या वर असेल, तर जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, स्वतःची की कसायला घेतलेली, बागायत की जिरायत, हेही भरावं लागतं. म्हणून सातबारा आणि आठ अ चे ताजे उतारे काढा. अडत्याच्या पट्ट्या, कारखान्याची बिलं, यंत्राच्या पावत्या आणि त्या बँकेतून दिल्याची नोंद, अनुदान मंजुरीचं पत्र, ट्रॅक्टरच्या तासांची वही, जनावराचे दाखले. धंद्यात तोटा असेल, तर रिटर्न मुदतीतच भरा, उशिरा भरलं तर तो पुढच्या वर्षात ओढता येत नाही. शेतीतला तोटा धंद्याच्या नफ्यातून वजा होत नाही, त्याचा हिशेब शेतीपुरताच वेगळा ठेवायचा.

यंत्र घ्यायचा विचार असेल, तर कोटेशन हातात असतानाच हिशेबनीसाकडे जा. पैसे कुठून द्यायचे, अनुदान कधी येणार, ३ ऑक्टोबरच्या आत यंत्र चालू होईल का, हे तीन प्रश्न तेव्हा विचारले तर त्यांचा उपयोग होतो.